पायथॉनचं जाडजूड रेफरन्स बुक, दहा महिने वापरल्यावर

पोळ्याच्या आठवड्यात जळगावहून आणलं होतं, आता जून लागला, म्हणजे दहा महिने धरा. पुस्तकाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण मला जे सांगायचंय ते या एका पुस्तकापुरतं नाही. हजारावर पानांचं, बारीक टाइपातलं, पायथॉन या प्रोग्रॅम लिहायच्या भाषेतलं सगळं एका जागी देणारं कुठलंही पुस्तक घ्यायला तुम्ही निघाला असाल तर निघायच्या आधी हे वाचा, एवढंच.

मी फैजपूरला केळीच्या एका ग्रुपचा हिशोब बघते. शिक्षण बी.कॉम., कॉम्प्युटर म्हणजे टॅली आणि एक्सेल. रोजच्या वजनकाट्याच्या पावत्या येतात, भरलेली गाडी, रिकामी गाडी, निव्वळ वजन, त्या दिवसाचा भाव, शेतकऱ्याचं नाव, आणि कटाई जोरात असली की दिवसाला पन्नास-साठ पावत्या सहज होतात. त्या हाताने एक्सेलला भरता भरता रात्रीचे नऊ वाजायचे. कुणीतरी म्हटलं पायथॉन शीक, चार ओळीत होईल सगळं. मग मी जळगावला गेले आणि दुकानात जे सगळ्यात मोठं दिसलं ते उचललं, किंमत साडेआठशे. मोठं म्हणजे त्यात सगळं असणार, म्हणजे मला दुसरं काही घ्यावं लागणार नाही, असा माझा हिशोब. तो हिशोबच चुकला होता.

पहिले दोन महिने मी ते पोथीसारखं वाचलं. पान एकपासून, रोज रात्री दोन-तीन पानं, पेन्सिल घेऊन. दीडशे पानं झाली तेव्हा मला पायथॉनमध्ये नंबर किती प्रकारचे असतात, स्ट्रिंगवर, म्हणजे मजकुरावर, कोणकोणत्या मेथड, म्हणजे तयार क्रिया, चालतात हे ओळखीचं झालं होतं, पण दोन पावत्यांची बेरीज करणारा प्रोग्रॅम स्वतःच्या मनाने लिहिता येत नव्हता. कारण अशी पुस्तकं विषय शिकवायच्या क्रमाने लावलेली नसतात, विषय सापडायच्या क्रमाने लावलेली असतात. स्ट्रिंगचं सगळं एका जागी, लिस्टचं म्हणजे यादीचं सगळं एका जागी, मग त्यात पहिल्या दिवशी लागणारी गोष्ट आणि पाच वर्षांत एकदा लागणारी गोष्ट शेजारी शेजारी बसतात, आणि नवीन माणसाला त्यातली कुठली कोणती ते कळायला काहीच मार्ग नसतो.

मग ते ठेवलं बाजूला. पायथॉनच्या स्वतःच्या साइटवर फुकट ट्युटोरियल आहे, ते मोबाइलवर उघडून दीड महिना रोज तासभर केलं, प्रत्येक उदाहरण स्वतः टाइप करून, आणि उदाहरणात काहीही असो, मी त्यात केळीचं वजन आणि भाव घालायचे. त्या साइटवर ट्युटोरियल वेगळं, लायब्ररी रेफरन्स वेगळं आणि लँग्वेज रेफरन्स वेगळं ठेवलंय. हे वेगळं का ठेवलंय ते मला तेव्हा कळलं. शिकायचं पुस्तक आणि बघायचं पुस्तक या दोन निराळ्या वस्तू आहेत. मी बघायचं पुस्तक आणून शिकायला बसले होते.

खरी परीक्षा डिसेंबरात झाली. पावत्यांची फाइल मी मराठी नावांसकट वाचायला घेतली. काही दिवसांची फाइल वाचली जायची पण नावांच्या जागी भलतीच चिन्हं दिसायची, आणि काही दिवसांच्या फाइलीला प्रोग्रॅम सरळ थांबायचा, युनिकोड डिकोड एरर. एकच प्रोग्रॅम, सारख्याच फाइली, मग सोमवारी चालतं आणि मंगळवारी का नाही? पुस्तकाची सूची चाळीस पानांची, त्यात 'मराठी' असा शब्द असायचं कारण नाही, 'चिन्हं' म्हणून काय शोधणार? शेवटी एररमधलाच शब्द धरून एन्कोडिंगच्या, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीच्या, नोंदीला गेले, तिथे चौदा पान नंबर. एकेक उघडत गेले आणि नवव्यात सापडलं, आणि जे सापडलं ते इतकं नीट लिहिलं होतं की मी तो परिच्छेद तीनदा वाचला. फाइल यूटीएफ-८ या पद्धतीत होती, आणि आमच्या ऑफिसच्या विंडोजवर पायथॉन ती न सांगता सीपी-१२५२ या इंग्रजीसारख्या लिपींच्या जुन्या पद्धतीतली समजून उघडत होता. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटचं असतं आणि सीपी-१२५२ मध्ये पाच बाइट असे आहेत की ज्यांना अक्षरच दिलेलं नाही. आपला पाय मोडायचा हलन्त आणि ऱ्हस्व उकार या दोघांच्या तीन बाइटमधला शेवटचा नेमका त्या पाचातला निघतो. म्हणजे ज्या दिवशी फाइलीत फक्त पाटील, चौधरी, महाजन, भंगाळे असायचे त्या दिवशी नुसता कचरा दिसायचा, आणि ज्या दिवशी कुणी ज्ञानदेव किंवा सुरवाडे आले की प्रोग्रॅम बंद. हे पुस्तकात अर्थातच असं लिहिलेलं नव्हतं, पुस्तकात फक्त तक्ता होता, पण तो तक्ता समोर ठेवून मी नावं पडताळली आणि एकेक जुळत गेलं. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की साडेआठशे वसूल झाले. उपाय एका शब्दाचा, फाइल उघडताना एन्कोडिंग सांगायचं. पुढे एक्सेलमधून काढलेल्या फाइलीत पहिल्याच कॉलमचं नाव डोळ्यांना दिसूनही 'असं नाव सापडत नाही' अशी 'की-एरर' (KeyError) यायला लागली, तेव्हा त्याच पानावर तळाशी यूटीएफ-८-सिग अशी एक ओळ होती. एक्सेल फाइलीच्या सुरुवातीला एक न दिसणारी खूण टाकतं, ती पहिल्या कॉलमच्या नावाला चिकटते. एका ओळीत काम झालं.

दुसरा अनुभव उलटा. फेब्रुवारीत मी एक फंक्शन, म्हणजे परत परत वापरायचा कोडचा तुकडा, लिहिलं, त्याच्या कंसात रिकामी लिस्ट डिफॉल्ट (काही दिलं नाही तर धरायची किंमत) म्हणून दिली, म्हणजे गाडीच्या पावत्या त्यात जमा होतील. पहिल्या गाडीची बेरीज बरोबर. दुसऱ्या गाडीच्या बेरजेत पहिल्या गाडीच्या पावत्या पण आल्या. मी सूचीत लिस्ट बघितलं, अपेंड बघितलं, ग्लोबल बघितलं, तीन रात्री गेल्या. उत्तर पुस्तकात होतं, डिफॉल्ट व्हॅल्यू फंक्शन तयार होताना एकदाच बनते आणि मग दरवेळी तीच वापरली जाते, म्हणून तिथे None, म्हणजे 'काहीच नाही', द्या आणि नवीन लिस्ट फंक्शनच्या आत बनवा. पण हे फंक्शनच्या आर्ग्युमेंटच्या, म्हणजे त्याला द्यायच्या माहितीच्या, प्रकरणात एका चौकटीत होतं आणि मला ते तीन आठवड्यांनी दुसरंच काही शोधताना दिसलं. ज्याला दुखण्याचं नाव माहीत आहे त्याला हे पुस्तक अर्ध्या मिनिटात औषध देतं. ज्याला फक्त कुठे दुखतं एवढंच सांगता येतं त्याला ते काहीच देत नाही. पुस्तक चांगलं की वाईट हा प्रश्नच नाही, तुमच्याजवळ नाव आहे का हा प्रश्न आहे.

हिशोबाचं काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. मार्च एन्डिंगला माझे आणि एक्सेलचे आकडे रुपया-दोन रुपयाने जुळत नव्हते. साडेअठरा क्विंटल, भाव १२२५, झाले २२६६२ रुपये ५० पैसे. एक्सेल त्याचे पूर्ण रुपये करताना २२६६३ करतं, पायथॉन ३ चं राउंड २२६६२ करतं, कारण बरोबर अर्धा आला की ते जवळच्या सम आकड्याकडे जातं. अडीचचे दोन होतात आणि साडेतीनचे चार. या एका विषयावर पुस्तकात चार पानं आहेत, पैशांसाठी डेसिमल हा अचूक दशांशाचा प्रकार कसा वापरायचा, अर्धा वरच न्यायचा असं त्याला कसं सांगायचं, शून्य पूर्णांक एक आणि शून्य पूर्णांक दोन मिळवले की फ्लोटमध्ये, म्हणजे नेहमीच्या दशांश आकड्यात, शेवटी चार का लटकतं, सगळं. इतकं सविस्तर मला ट्युटोरियलमध्ये मिळालं नव्हतं. शेतकऱ्याच्या पट्टीवर एक रुपया कमी लिहिला गेला तर तो विचारायला येतोच, आणि त्याने यायलाच पाहिजे, तेव्हा त्याला उत्तर देता आलं पाहिजे.

आता आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, गोष्ट. बहीण अमळनेरला दिलेली, ती माहेरी आली तेव्हा भाचाही आला, बीसीएच्या पहिल्या वर्षाला आहे, बारावीपर्यंत मराठी मिडीयम. मी मोठ्या उत्साहाने पुस्तक त्याच्या हातात दिलं. दोन दिवस तो घेऊन बसला, मग संध्याकाळी ओट्यावर येऊन म्हणाला, "मावशी, काय धुंडानं हाईच माले माहीत नही." म्हणजे काय शोधायचं हेच माहीत नाही. मला जे दहा महिन्यांत कळलं ते त्याने एका वाक्यात सांगितलं. त्याला इंग्रजीचीही अडचण आहे, पण तेवढीच नाही. पुस्तकाची वाक्यं लांब, पॅरामीटर आणि आर्ग्युमेंट यातला फरक तुम्हाला येतोच असं धरून लिहिलेली, आणि बरीच उदाहरणं आधीच्या दोन प्रकरणातल्या कोडवर उभी, म्हणजे मधूनच एक पान उघडून टाइप केलं तर चालतच नाही. रेफरन्स बुकमध्ये हा मला सगळ्यात मोठा दोष वाटतो. जे पुस्तक मधूनच उघडायचं आहे त्याचं उदाहरण मधूनच चाललं पाहिजे.

म्हणून दुकानात जायच्या आधी कागदावर स्वतःला आलेल्या शेवटच्या तीन अडचणी लिहून न्या, जशा आल्या तशा, आणि दुकानात उभं राहूनच सूचीतून त्या शोधून बघा. दुकानदार काही म्हणत नाही, मी नंतर दुसऱ्या एका पुस्तकासाठी केलं तसं. तीनातल्या दोन सापडल्या आणि ते पान वाचून निदान पुढे काय करायचं ते कळलं तर घ्या. तुमच्याकडे लिहायला तीन अडचणीच नसतील तर तुम्ही अजून काही चालवून बघितलेलं नाही, मग हे पुस्तक आज तुमच्यासाठी नाही, सहा महिन्यांनी असेल, पैसे कुठे जात नाहीत. आणि एक उदाहरण मधूनच उघडून बघा, ते एकटं उभं राहतं का.

आवृत्तीही बघा. उदाहरणांत प्रिंट या आदेशाच्या पुढे कंस नसेल तर ते पायथॉन २ चं पुस्तक, त्याचा सपोर्ट १ जानेवारी २०२० लाच संपला, कितीही स्वस्त मिळालं तरी उचलू नका. भाच्याच्या हातात सिनियरकडून आलेलं असलंच एक पातळ पुस्तक होतं आणि पोरगं एरर का येते म्हणून आठवडाभर हैराण. माझ्या पुस्तकात एफ-स्ट्रिंग, म्हणजे मजकुरात आकडे-नावं घालायची नवी सोपी पद्धत, आहे पण दीड पानात उरकलंय, जुन्या फॉरमॅटच्या पद्धतीला मात्र बारा पानं, म्हणजे २०१६ च्या शेवटी पायथॉन ३.६ आल्यावर वरवर डागडुजी केलेली आवृत्ती. २०२१ च्या ३.१० मध्ये आलेला मॅच हा नवा आदेश त्यात नाहीच. मला रोजच्या कामाला ते अडलं नाही, पण एवढ्या किमतीत लोकांना ते माहीत असावं.

आपल्या लिपीबद्दल पुस्तकात काहीही नाही हे मनाला लागतं. केळी या शब्दाची लांबी पायथॉन चार सांगतो, कारण मात्रा आणि वेलांटी वेगळी मोजतो. नावं क्रमाने लावली तर काळे आधी आणि कावळे नंतर येतात, कारण युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या सगळ्या लिपींच्या अक्षरांच्या यादीत, ळ हा व च्या आधी बसवलाय आणि आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर. शेतकऱ्यांची यादी लावताना मला हे स्वतः शोधावं लागलं. हजार पानांत एक पान यासाठी द्यायला काय हरकत होती?

बांधणी साधारण. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या ऑफिसात पाठीचा डिंक सुटला, पहिली साठ पानं वेगळी झाली, जाड धाग्याने शिवून घेतलं. कागद पातळ पण पेन्सिल चालते. लाइट गेली, नेट गेलं तरी उघडतं, हा फायदा गावात राहणाऱ्याला सांगायला नको, जरी साइटवरचं सगळं डाऊनलोड करून ठेवता येतं हेही खरं.

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो मी स्वतः केलेल्या एका गोष्टीचा. पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर मी माझी सूची लिहिली, मराठीत, दुखण्याच्या नावाने. 'मराठी नावं तुटतात, पान ३१२.' 'आधीच्या गाडीचं पुढच्या गाडीत येतं, पान ५४०.' 'रुपया जुळत नाही, पान १३८.' अशा सदतीस नोंदी झाल्यात. आखाजीनंतर पुस्तक भाच्याबरोबर अमळनेरला गेलं, आणि तो आता पुढून उघडत नाही, मागून उघडतो. परवा त्याने त्या पानाचा फोटो पाठवला, माझ्या सदतिसाव्या नोंदीखाली त्याच्या अक्षरात अडतिसावी होती: 'यादीनी नक्कल कयी तरी मूळ यादी बदलनी, पान २०६.'