बीव्हरस्लाइड: उचलते झकास, रचायचे मात्र तुम्हालाच

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात बिग होल नावाचे खोरे आहे. 'दहा हजार गंज्यांचे खोरे' ही त्याची जुनी ख्याती, आणि ती गंजीवर गवत चढवणाऱ्या ज्या लाकडी यंत्रामुळे झाली ते हे बीव्हरस्लाइड. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन्स आणि आर्मिटेज या दोघांनी ते तिथेच तयार केले. बीव्हरहेड परगण्यातले म्हणून त्याचे मूळ नाव 'बीव्हरहेड काउंटी स्लाइड स्टॅकर' असे लांबलचक होते, ते लोकांनीच छाटले. डिअर लॉज गावच्या ग्रँट-कोर्स रँचवर ते आजही पाहायला मिळते. ही रँच तिथल्या राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आहे.

यंत्र पाहिले की पहिल्यांदा हसू येते. लॉजपोल पाइनच्या सरळसोट वाशांचा सांगाडा, त्यावर फळ्यांची तिरकी घसरण, खाली ओढत न्यायला दोन जाड ओंडके. माथा जमिनीपासून नऊ मीटरच्या आसपास. घसरणीवरून एक दातेरी पाळणा वर-खाली जातो. पाळण्याला तारेचा दोर, दोर माथ्यावरच्या कप्पीवरून खाली, तिथून दुसऱ्या कप्पीतून घोड्यांच्या जोखडाच्या दांडीला. घोडे पुढे चालले की पाळणा वर चढतो, माथ्यावरच्या मोकळ्या जागेतून गवत पलीकडे गंजीवर कोसळते, घोडे मागे आले की पाळणा आपल्या वजनाने खाली. इंजिन नाही, दातेरी चक्र नाही, बिघडायला फारसे काही नाही. रचना म्हणून दहापैकी नऊ गुण डोळे मिटून द्यावेत.

पाळण्यात गवत आणून टाकायचे काम बकरेकचे. लांब लाकडी दात्यांचा हा आडवा फणा दोन बाजूंना एकेक घोडा जुंपून पुढे ढकलत नेतात, आणि सुकून ओळीत ओढून ठेवलेले गवत त्याच्यावर गोळा होत जाते. भरलेला फणा पाळण्याच्या तोंडाशी नेऊन मागे घेतला की गवत तिथेच राहते, काट्याने उचलावे लागत नाही. एका खेपेला सरासरी अडीच क्विंटल धरले तर अठरा टनांच्या गंजीला सत्तरेक खेपा होतात. म्हणूनच एका बकरेकवर हे यंत्र चालवणे म्हणजे घोडे उभे करून ठेवणे. दोन-तीन तरी हवेत, आणि शेत लांब असेल तर आणखी.

ओढीचा हिशेब आधी करून घ्यावा. घसरण 45 अंशांची असेल तर भाराच्या सुमारे 70 टक्के जोर नुसता चढवायला लागतो, फळ्यांवरचे घर्षण वेगळे. दोर सरळ असेल तर घसरण जितकी लांब तितकेच घोड्यांनी चालायचे. पाळण्यापाशी एक सुटी कप्पी घातली तर जोर निम्मा होतो, पण चाल दुप्पट होते आणि दोरही दुप्पट लागतो. जोडी हलकी असेल तरच त्या भानगडीत पडावे. पर्चेरॉन किंवा बेल्जियन जातीच्या भारदस्त जोडीला सरळ दोरच बरा.

दोन ठिकाणी हे यंत्र दगा देते. घोडे ठरल्या जागेपुढे एक पाऊल गेले तरी पाळणा माथ्याच्या आडव्या वाशावर आदळतो. चार-सहा वेळा आदळला की वासा फुटतो किंवा दोर तुटतो. घोड्यांच्या वाटेवर खुंटी ठोकून थांबायची जागा पक्की करावी, अंदाजावर सोडू नये. दुसरा धोका परतीचा. घोडे झटकन मागे आले आणि पाळणा वर अडकून बसला तर दोर सैल पडून त्याचे वेढे जमिनीवर पडतात. त्यात घोड्याचा पाय गेला आणि त्याच क्षणी पाळणा सुटला, तर पुढचे सांगायला नको. घोडे हाकणाऱ्याची नजर परतताना घोड्यांवर नाही, दोरावर हवी.

आता खरी तक्रार. यंत्र गवत उचलते, गंजी रचत नाही. प्रत्येक खेप जवळपास एकाच जागी पडते, त्यामुळे तिथले गवत दाबून घट्ट होते आणि कडा पोकळ राहतात. तशीच रास चढवत गेलात तर गंजी आठवडाभरात एका अंगाला कलते. म्हणून वर काटे घेऊन दोघे तरी लागतातच. पडलेले गवत त्यांनी आधी कडांना आणि कोपऱ्यांना न्यायचे, मग मध्य भरायचा, आणि पाय मध्यावर जास्त चालवायचे. मध्य कडांपेक्षा नेहमी वर हवा. गवताचे थर बाहेरच्या बाजूला उतरते बसले तर पाणी ओघळून जाते; आत उतरते बसले तर गंजी पाणी पिते. घोडे हाकणारा शहाणा असेल तर त्याचीही मदत होते. माथ्याजवळ जोडी जोरात नेली तर गवत लांब फेकले जाते, सावकाश नेली तर जवळ पडते.

बाजूंना उभ्या चौकटी लावायची सुधारणा मागाहून आली, आणि ती नसलेले यंत्र आम्ही तरी सुचवणार नाही. चौकटींमुळे कडा सरळ राहतात आणि वाऱ्याने गवत उडत नाही. तयार गंजी पावाच्या लादीसारखी दिसते: बाजू उभ्या, माथा गोलसर. माथ्यावर लांब काडीचे भरड गवत घालावे, पानाळ गवत तिथे कुजते. पुढच्या काही आठवड्यांत गंजी चांगलीच बसते. मध्य पोकळ राहिला असेल तर नेमका तिथेच खळगा पडतो, आणि पहिला बर्फ वितळला की सगळे पाणी पोटात.

ओलाव्याबद्दल यंत्राला दोष देता येत नाही, पण त्याचा वेगच इथे घात करतो. दिवसाकाठी इतके गवत चढते की सकाळचे दवाळलेलेही त्यात जाते. मूठभर गवत पिळून पाहावे. काडी मोडली नाही, नुसती वळली आणि पेराशी ओल लागली तर थांबावे. ओले गवत आत तापते. लोखंडी सळई खोल खुपसून अर्ध्या तासाने काढावी. हाताला धरवत नसेल तर गंजी फोडायची वेळ जवळ आली. आतले तापमान 65 अंश सेल्सिअसच्या वर गेले की रोज लक्ष ठेवावे लागते. 80 च्या पुढे मात्र गंजी नुसती उघडणेही धोक्याचे, कारण आत हवा शिरताच ती पेटू शकते. अशी आग बहुधा रचल्यावर दोन ते सहा आठवड्यांत लागते.

आजूबाजूच्या यंत्रांशी तुलना केली तर युटा-आयडाहोकडची उंच दांडीची डेरिक जास्त नेमकी: फिरत्या दांडीमुळे गवत हवे त्या कोपऱ्यात सोडता येते. पण तिचा काटा दर खेपेला भरत बसावे लागते. डोक्यावरून गवत उलटे फेकणारे ओव्हरशॉट स्टॅकर हलके आणि सुटसुटीत, उंचीला मात्र कमी. भराभर, उंच आणि कमी माणसांत काम हवे असेल तर बीव्हरस्लाइडला तोड नाही.

ते शोभते मात्र त्याच मुलखात. बिग होलचे खोरे समुद्रसपाटीपासून 1,800 मीटरहून उंच, पाऊस वर्षाला जेमतेम 300 मिलिमीटर, गवताची एकच कापणी आणि हिवाळा लांब. उघड्यावरची सुटी गंजी तिथे टिकते, कोकणात पहिल्याच पावसाळ्यात तिचे खत होईल. देशावरच्या कडब्यालाही हे यंत्र निरुपयोगी. पेंढ्या बांधलेल्या, बुडखे बाहेर ठेवून हाताने लावायच्या. त्या नऊ मीटरवरून खाली टाकून काय साधणार?

गंजीतला साठा मोजायला तिथला जुना ठोकताळा चांगला आहे: पुरती बसलेली गंजी असेल तर 512 घनफूट, म्हणजे आठ फुटांचा एक ठोकळा, सुमारे एक अमेरिकन टन (907 किलो). एका गायीला हिवाळ्यात रोज 10 ते 12 किलो धरून भागाकार करा. गंजीभोवती कुंपण घालायला विसरू नका, नाहीतर हिशेबात एल्क हरणांचे कळपही धरावे लागतील.

हे यंत्र दुकानात मिळत नाही, वासे तोडून बांधावे लागते. सर्वांत आधी झिजतात त्या घसरणीच्या मधल्या फळ्या, कारण पाळण्याचा भार तिथूनच घासत जातो. त्या खिळ्यांऐवजी बोल्टने बसवा, डोकी फळीत खोल बुडवा, म्हणजे पाळण्याचे दाते त्यात अडकत नाहीत.