कॅनन ५० एमएम एफ/१.८ एसटीएम : लो लाइटसाठी घेतली, समईचा फोटो सोबत टाकलाय, बघून सांगा

आधीच सांगतो, लेन्स मस्त आहे, बजेट असेल तर घ्या. पण "लो लाइटला फिफ्टी घे रे, सगळे प्रॉब्लेम मिटतील" असं जे प्रत्येक नवशिक्याला सांगितलं जातं ना, त्यातलं अर्धंच खरं आहे, निदान माझ्यासारखं टेबलावर वस्तू मांडून फोटो काढणाऱ्यांसाठी तरी.

माझी बॉडी (म्हणजे कॅमेरा) कॅनन १५००डी, तिच्यासोबत आलेली किट लेन्स १८-५५. ती ५५ ला नेली की एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं), ही १.८ पर्यंत उघडते, म्हणजे जवळपास दहापट उजेड आत. संध्याकाळी घरात माणसांचे, मांजराचे फोटो हातात धरून काढायचे असतील तर तोडच नाही, जिथे आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते ठरवणारी सेटिंग) ६४०० लागायचा तिथे ८०० मध्ये काम होतं. क्रॉप बॉडीवर (माझ्यासारख्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ती ८० एमएम सारखी दिसते त्यामुळे चेहरे छान येतात, छोट्या खोलीत मात्र पाठ भिंतीला टेकते.

पण समई कुठे पळून जाते? शटर दोन सेकंद ठेवा नाहीतर दहा, कॅमेरा हलला नाही म्हणजे झालं. ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर, आयएसओ १००, बास. उलट १.८ वर गंमत अशी होते की अर्ध्या मीटरवरून फोटो काढला तर जेमतेम सहा-सात मिलिमीटर भाग शार्प राहतो, पुढच्या वातीवर फोकस धरला की मागचा कळस गेलाच, तेलाची कड पण गेली. बोके बोके (मागचं धूसर होणं) म्हणून लोक नाचतात पण समई ओळखू यायला पाहिजे की नको? म्हणून मी शेवटी एफ/११ वर आलो, थोडं मागे सरकलो, तेव्हा कुठे वातीपासून कळसापर्यंत सगळं नीट आलं.

आता तुम्ही म्हणाल एफ/११ वरच काढायचं होतं तर किट लेन्सने काय घोडं मारलं होतं. बरोबर आहे, ट्रायपॉडवर एफ/११ ला दोघींचे फोटो शेजारी ठेवले तर फरक शोधावा लागतो. फिफ्टीचा खरा फायदा फोकस करताना कळतो. क्लिक होईपर्यंत लेन्स पूर्ण उघडीच असते, त्यामुळे अंधुक खोलीतसुद्धा व्ह्यूफाइंडर उजळ दिसतो. लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर बघत) दहापट झूम करून मॅन्युअल रिंग हळूच फिरवली की वातीचा पीळ मोजता येईल इतका फोकस बसतो. अंधारात ऑटोफोकसच्या मागे लागूच नका, एंट्री लेव्हल बॉडीचा ऑटोफोकस अशा उजेडात चाचपडतोच. फक्त ही रिंग मोटरवर चालते, कॅमेरा झोपलेला असेल तर नुसती फिरत राहते, लेन्स बिघडली समजून दुकानात धावू नका 😄

आणखी एक, ही ३५ सेंटिमीटरच्या आत फोकस करत नाही, किट लेन्स २५ पर्यंत जाते. अंगठी, वेलदोडा, केशराची काडी असलं बारीक काही काढायचं तर किट लेन्सच मोठं चित्र देते. सेकंडहॅन्ड बघत असाल तर १९९० ची जुनी 'टू' (हीच ५० एमएम एफ/१.८, आधीची आवृत्ती) स्वस्तात मिळते, पण तिचा माउंट (कॅमेऱ्याला जोडायची कडी) प्लास्टिकचा, तोंड लहानमोठं करणारी पाती पाचच आणि फोकस ४५ सेंटिमीटरपासून. २०१५ च्या या एसटीएमला मेटल माउंट आणि सात पाती, त्यामुळे एफ/१६ वर ज्योतीच्या भोवती चौदा टोकांची चांदणी येते. मला ती जरा जत्रेतल्या लायटिंगसारखी वाटली, पण आवड ज्याची त्याची.

आता फोटोबद्दल. डावीकडे खिडकी, दिवेलागणीच्या वेळचा उजेड, उजव्या बाजूला थर्माकोलची शीट टेकवून ठेवली, मागे काळी शाल. पंखा बंद, नाहीतर ज्योतीचा नुसता गोळा होतो. पितळ पितांबरीने घासून इतकं लख्ख झालं की समईच्या पोटात खिडकी, ट्रायपॉड आणि मी, अख्खा हॉल दिसायला लागला. पोलरायझरने (चकाकी कापणाऱ्या फिल्टरने) धातूवरचं असलं प्रतिबिंब जात नाही, म्हणून काळा टी-शर्ट घालून पडद्याआड उभा राहिलो, तेवढ्याने बरंच झाकलं गेलं.

मला विचारायचंय ते हे, की ज्योत पूर्ण पांढरी झालीय ती चालेल का, की ज्योतीसाठी वेगळं कमी एक्स्पोजर घेऊन दोन फोटो जोडावेत? खिडकीचा उजेड निळा आणि ज्योत केशरी, व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा ठरवणारी सेटिंग) मी डेलाइटवर ठेवलाय, त्याने पितळ जास्तच पिवळं झालंय असं घरचे म्हणतात, मला तसंच आवडतंय. आणि उजवीकडे खाली शालीची घडी दिसते ती क्रॉप करू की तिथे तेलाचं भांडं ठेवून परत काढू? "छान आहे" असं लिहू नका प्लीज, ते आईने सांगून झालंय.