वांगदी फोडरांगचा नवा झोंग: आवर्जून थांबावे असा मठदुर्ग

भूतानला जाणारे आपल्याकडचे बहुतेक प्रवासी पुनाखाचा झोंग पाहून माघारी वळतात आणि तिथून जेमतेम पाऊण तासावर असलेला वांगदी फोडरांगचा झोंग त्यांचा राहूनच जातो. आमच्या सहल कंपनीनेही कार्यक्रमपत्रिकेत त्यासाठी अर्धाच तास ठेवला होता आणि तो वाढवून घेण्यासाठी मला बराच आग्रह धरावा लागला. भारतीय प्रवाशाला तिथे माणशी दर रात्री १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावे लागते. एवढा खर्च करून गेल्यावर हा झोंग टाळणे हे माझ्या मते मोठेच नुकसान आहे.

झोंग म्हणजे एकाच तटबंदीत मठ आणि जिल्ह्याची कचेरी. भूतानला एकत्र आणणारे धर्मगुरू झाबद्रुंग न्गावांग नामग्याल यांनी १६३८ मध्ये पुनात्सांग छू आणि डांग छू या नद्यांच्या संगमावरील अरुंद डोंगरसोंडेवर हा झोंग उभारला. १८३७ ची आग आणि १८९७ चा भूकंप त्याने सोसला. मात्र २४ जून २०१२ रोजी, डागडुजी चालू असतानाच, दुपारी लागलेल्या आगीत तो जवळजवळ संपूर्ण भस्मसात झाला. डागडुजीसाठी आधीच हलवल्यामुळे बहुतेक पवित्र वस्तू तेवढ्या वाचल्या. भारत सरकारच्या अर्थसाहाय्याने त्याची पुनर्बांधणी झाली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याची पुनःप्रतिष्ठा करण्यात आली. म्हणजे आज आपण पाहतो ती वास्तू जुन्या जागी, जुन्या घाटाची, पण बांधणीने नवी आहे.

परंपरेप्रमाणे झोंग बांधताना कागदावर नकाशा काढत नसत आणि लाकूडकामात लोखंडी खिळाही वापरत नसत. सारी भिस्त मुख्य सुताराच्या नजरेवर आणि खाचेत कूस बसवण्याच्या कसबावर असे. इथे त्या कसबाला अभियंत्यांची जोड मिळाली आहे. २००९ आणि २०११ च्या भूकंपांत भूतानमधील कित्येक जुन्या वास्तूंना तडे गेले होते, त्यामुळे नव्या बांधकामात भूकंपाचा विचार झाला आणि आग विझवण्याची व्यवस्थाही करण्यात आली. लाकूड, तुपाचे दिवे आणि दरीतला वारा एकत्र असलेल्या जागी ही व्यवस्था मला सुवर्णकळसाइतकीच मोलाची वाटते. पारोचा झोंग १९०७ मध्ये जळाला होता आणि पुनाखालाही आगीने अनेकदा ग्रासले आहे. जळालेला झोंग पुन्हा बांधणे ही तिथली जुनीच रीत आहे. तो पुन्हा जळू नये म्हणून इतकी तजवीज करणे हा त्या रीतीतला नवा भाग आहे.

मला सर्वांत भावले ते हे की आधुनिक भाग कुठेही मिरवत नाही. वर जाताना किंचित आत कलणाऱ्या पांढऱ्या भिंती, माथ्याजवळचा केमार नावाचा लाल पट्टा, कोरीव लाकडी सज्जे आणि अंगणात उभा असलेला उत्से हा मधला मनोरा, हे सारे जुन्या शिस्तीतच आहे. सोंड अरुंद असल्यामुळे इमारत पुनाखासारखी ऐसपैस नाही, डोंगराच्या कलाने लांबट पसरलेली आहे, आणि पुनर्बांधणीत ती सपाट करून सोयीची करण्याचा मोह टाळला, याबद्दल बांधणाऱ्यांचे मनापासून कौतुक वाटते. एका खांबाजवळ मी बराच वेळ थांबलो. कमळाच्या पाकळीची निळी कडा एके ठिकाणी केसभर जाड झाली होती आणि तिथे रंगवणाऱ्याचा कुंचला क्षणभर टेकलेला स्पष्ट दिसत होता. आपल्याकडे गडांच्या तटाला सिमेंटची ठिगळे लावलेली पाहून हळहळणाऱ्या माणसाला हे हाताचे काम पाहून किती समाधान वाटते, ते शब्दांत सांगणे कठीण आहे.

उणीव सांगायची तर, रंग अजून फार ताजे आहेत. पुनाखाच्या दालनांत धुराने आणि स्पर्शाने लाकडाला जो काळसर मऊपणा आला आहे, तो इथे यायला काही पिढ्या जाव्या लागतील. पण हा दोष बांधणाऱ्यांचा नव्हे, आणि पुरातन वास्तूची अपेक्षा मनात धरून गेलेल्याचीच निराशा होईल.

जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, आत टोपी काढावी आणि देवळांत छायाचित्रे घेऊ नयेत. दुपारनंतर दरीत जोराचा वारा सुटतो, म्हणून सकाळची वेळ धरावी आणि किमान दोन तास हाताशी ठेवावेत. निघताना गाडी नदीपलीकडे थांबवायला सांगा: शत्रूला चढता येऊ नये म्हणून लावल्याचे सांगतात ती निवडुंगाची रांग उतारावर आजही आहे आणि तिच्या वर पांढऱ्या भिंतींची अखंड रेघ सोंडेच्या टोकापर्यंत जाताना तिथूनच पुरती दिसते.