व्हिडिओत बत्तीस चॅनेल, कन्सोलमध्ये आठ

मागच्या वर्षी मी एक जुना अ‍ॅनालॉग मिक्सिंग कन्सोल, म्हणजे स्टुडिओत अनेक माइकांचे-वाद्यांचे आवाज एकत्र मिसळायचं यंत्र, विकत घेतला आणि त्यात पुरता फसलो. विकणाऱ्याचं नाव इथे लिहीत नाही, पण त्यानं वापरलेली युक्ती बारकाईनं सांगतो. ती कुणावरही चालू शकते आणि जुन्या यंत्रांवर जीव असणाऱ्यांवर तर फारच लवकर चालते.

कन्सोल १९८०च्या दशकातला, ३२ चॅनेलचा, इनलाइन (रेकॉर्ड करायचा आणि रेकॉर्ड झालेला आवाज एकाच पट्टीतून जातो असा). प्रत्येक चॅनेलची पट्टी हे स्वतंत्र मॉड्यूल असतं. स्क्रू काढले की माइक प्रीअँप (माइकचा क्षीण आवाज वाढवणारा भाग), इक्वलायझर (खालचे-वरचे सूर कमीजास्त करणारा) आणि आवाज कुठे पाठवायचा ते ठरवणारी राउटिंगची बटणं यांच्यासकट आख्खी पट्टी वर उचलता येते. दुरुस्तीसाठी ही रचना फार सोयीची. आणि नेमकी हीच रचना मला फसवायला कामी आली.

घ्यायचा की नाही, यावर मी तीन महिने विचार करत होतो. प्रश्न होता कपॅसिटरचा, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या भागांचा. इतक्या जुन्या कन्सोलमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या पोटातलं द्रव उष्णतेनं हळूहळू सुकत जातं. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, आणि कन्सोल दिवसभर चालू असला की आतून चांगलाच तापतो. कपॅसिटर सुकले की खालचे सूर पातळ होतात, गुणगुण येते, एका चॅनेलचा आवाज दुसऱ्यात झिरपतो. या मॉडेलच्या एका पट्टीत असे ३८ कपॅसिटर. म्हणजे ३२ पट्ट्यांत १,२१६, शिवाय सगळे चॅनेल जिथे एकत्र येतात त्या मास्टर सेक्शनचे वेगळे. जुने काढून, पट्टी साफ करून, नवे लावून तपासायला एका पट्टीला एक पूर्ण दिवस धरला, तरी महिन्याहून जास्त काळ स्टुडिओ बंद ठेवावा लागला असता. म्हणून मी ठरवलं होतं, की कपॅसिटर बदललेले असतील तरच घ्यायचा.

विकणारा म्हणाला, ‘सगळे दोन वर्षांपूर्वीच बदललेत.’ एक पट्टी उघडून फोटोही पाठवला. नवे कोरे कपॅसिटर, स्वच्छ सोल्डर. पुढे तो जे बोलला त्यानं माझा निर्णय झाला. ‘साहेब, तुम्ही नाही घेतलात तर दुसरा एक जण तयार आहे. तो तोडून सुटी मॉड्यूल विकणार. मला वाटतं हा अखंड राहावा.’

हे जुन्या कन्सोलांच्या बाबतीत खरोखर घडतं. नीव्ह या ब्रिटिश कंपनीच्या १९७०च्या दशकातल्या कन्सोलमधली ‘१०७३’ नावाची मॉड्यूल काढून, रॅकमध्ये बसवून सुटी विकण्याचा धंदा अनेक वर्षं चालू आहे. आतल्या ट्रान्सफॉर्मरलाच इतका भाव, की अख्ख्या कन्सोलपेक्षा तुकड्यांचे पैसे जास्त येतात. असे चांगले चालते कन्सोल मोडले जातात याचं मला मनापासून वाईट वाटतं. आपल्या हातून एक तरी वाचेल, असं वाटलं. माझा दुबळा कोपरा त्यानं अचूक हेरला होता.

मी सगळे चॅनेल चालताना दाखवायला सांगितलं. त्यानं चार व्हिडिओ पाठवले, प्रत्येकात आठ चॅनेल. फेडर (आवाज कमीजास्त करायचा सरकता दांडा) वर, मीटर हलतोय, इक्वलायझर फिरवला की आवाज बदलतोय, खाली टेपवर चॅनेलचे आकडे लिहिलेले. मी ते हेडफोन लावून पुन्हा पुन्हा ऐकले. जाऊन बघतो म्हणालो, तर तो म्हणाला की कन्सोल आता गोडाऊनमध्ये हलवलाय, तिथे पुरेशी वीज नाही. विसार दिला, मग उरलेली रक्कमही थेट त्याच्या खात्यावर भरली. पावतीवर खाली बारीक अक्षरात ‘जसा आहे तसा’ असं होतं. जुन्या मालाच्या पावतीवर हे असतंच, म्हणून मी त्याकडे लक्ष दिलं नाही.

कन्सोल आला आणि चालू करताच स्पीकरमधून जाड गुणगुण यायला लागली. माझ्या ओळखीचे एक काका आहेत, आयुष्यभर स्टुडिओची यंत्रं दुरुस्त केलेले. ते आले. आधी त्यांनी पॉवर सप्लायवर मल्टिमीटर लावला. १८ व्होल्ट हवे तिथे जेमतेम १४, तेही डळमळणारे. मग ते एकेक मॉड्यूल उपसत गेले. आठ उरली तेव्हा गुणगुण थांबली आणि काटा १८वर स्थिर झाला.

‘सप्लायचे फिल्टर कपॅसिटर गेलेत,’ काका म्हणाले. ‘कमी भार असला की निभावतं. पूर्ण भार पडला की व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या रेग्युलेटरला पुरेसा दाब मिळत नाही आणि मुख्य विजेची गुणगुण सरळ आवाजात उतरते. त्याला हे माहीत होतं. म्हणून त्यानं एका वेळी आठच लावली.’

मी व्हिडिओ पुन्हा लावले. तिसऱ्या चॅनेलच्या एका निळ्या नॉबच्या टोपीचा कोपरा तुटलेला आहे, भाताच्या शितापेक्षाही लहान तुकडा गेलाय. दुसऱ्या व्हिडिओत ‘११’ लिहिलेल्या चॅनेलवर तोच तुटका कोपरा. तिसऱ्यात ‘१९’वर, चौथ्यात ‘२७’वर. मॉड्यूल तीच आठ. फक्त टेप बदलून चार वेळा चित्रण केलं होतं. मी दहा वेळा तरी हे व्हिडिओ बघितले असतील, पण सगळं लक्ष आवाजाकडे होतं. नॉबकडे बघितलंच नाही.

मग उरलेली चोवीस उघडली. पंधरांमध्ये कपॅसिटर मूळचेच होते. एकावर ८४२७ असा छाप होता, म्हणजे १९८४ सालचा २७वा आठवडा. बाकी नऊ पट्ट्यांत माइकचा आवाज आत घेणारे इनपुट ट्रान्सफॉर्मरच नव्हते. वरून नॉब फिरतात, बटणं दाबली जातात, खाली रिकामी जागा आणि कापलेल्या तारा. ज्याला तुटण्यापासून वाचवायला मी धावलो, तो आधीच तुटलेला होता.

फोन केला तर उत्तर तयार होतं. ‘वाहतुकीत काहीतरी झालं असेल. किंवा तुमच्याकडच्या कुणी काढलं असेल.’ तेव्हा काकांनी एक गोष्ट दाखवली, ती मी विसरणार नाही. भिंग देऊन म्हणाले, ‘तारेचं टोक बघ.’ ताजी कापलेली तांब्याची तार गुलाबीसर चमकते. ही टोकं काळपट तपकिरी पडली होती. ट्रान्सफॉर्मर जिथे बसतात तिथल्या स्क्रूच्या भोकांतही धूळ घट्ट बसलेली. हे काम माझ्याकडे आल्यावरचं नाही, कितीतरी आधीचं. मी प्रत्येक टोकाचे जवळून फोटो काढले. तक्रार दिली तेव्हा तेच सर्वांत जास्त उपयोगी पडले. पैसे अजून परत मिळालेले नाहीत.

काका नंतर बराच वेळ बसले आणि कन्सोल बघायला जायचं तर काय करायचं ते सांगत राहिले. सगळी मॉड्यूल लावून किमान दोन तास चालू ठेवायचा, कारण बरेचसे दोष यंत्र तापल्यावरच बाहेर येतात. त्या दोन तासांत सप्लायचा व्होल्टेज सुरुवातीला आणि शेवटी मोजायचा. मग एक किलोहर्ट्झचा सूर एकेका चॅनेलमध्ये सोडायचा. ज्या कन्सोलवर मीटरचा शून्य +४ डीबीयूला (डीबीयू हे सिग्नलची पातळी मोजायचं एकक) लावलेला असतो, तिथे काटा शून्यावर असताना आउटपुटला १.२२८ व्होल्ट मिळायला हवेत. ज्या चॅनेलवर मिळत नाहीत तो वहीत लिहायचा. माइकच्या सॉकेटवर फँटमचे, म्हणजे काही माइकांना कन्सोलकडून मिळणाऱ्या विजेचे, ४८ व्होल्ट मोजायचे. खरखरणारा फेडर क्लीनर मारून दाखवला तर फसायचं नाही, आतला ट्रॅक झिजला असेल तर खरखर काही दिवसांत परत येते. आणि कुठलीही चार मॉड्यूल आपण निवडून, आपल्या हातानं उघडायची. विकणारा नको म्हणाला तर तिथूनच उठायचं. ‘गोडाऊनमध्ये वीज नाही’ हे कारण त्यांनी त्यांच्या आयुष्यात किती वेळा ऐकलंय, ते त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. दोन्ही हातांची बोटं संपली.

एक गोष्ट माझ्या अनुभवातून सांगतो. प्रत्येक पट्टीच्या आतल्या बाजूला बहुधा अनुक्रमांक असतो. ३२ चॅनेलचा व्हिडिओ हवा असेल तर एकाच सलग चित्रणात, मध्ये कुठेही न थांबवता, सगळी मॉड्यूल जागेवर असताना मागा. त्यानंतर प्रत्येक पट्टी उचलून तिचा क्रमांक कॅमेऱ्यासमोर धरायला लावा. तासभर जाईल. ज्याचा माल खरा आहे तो कुरकुर करेल, पण करून दाखवेल.

सध्या माझ्याकडे सोळा चॅनेल चालतात. सप्लाय नव्यानं बांधला, शाबूत पट्ट्या कपॅसिटर बदलायला एकेक करून रविवारी घेतो. ट्रान्सफॉर्मर गेलेल्या नऊ पट्ट्या कपड्यात गुंडाळून फळीवर ठेवल्यात. चालणाऱ्या चॅनेलचा आवाज मात्र खरोखर सुंदर आहे, खालचे सूर असे भरून येतात की हात थांबतो. तिसऱ्या चॅनेलची तुटकी निळी टोपी मी बदललेली नाही. तिचा फोटो तक्रारीला जोडलाय आणि ती प्रत्यक्ष दाखवायला सांगितलं तर जागेवर असायला हवी.