दोन दिवस, साडेतीन हजार रुपये आणि केळीची ट्रॉली

मी रावेर तालुक्यातल्या एका पॅक हाउसमध्ये केळीची क्वालिटी बघते. ओळखपत्रावर 'क्वालिटी एक्झिक्युटिव्ह' छापलंय, पण हाताखाली एकही माणूस नाही. कटाईची टोळी मुकादमाची, ट्रॅक्टर शेतकऱ्याचा, धुणाऱ्या-भरणाऱ्या बायका ठेकेदाराच्या, कंटेनरचा ड्रायव्हर ट्रान्सपोर्टवाल्याचा. माल परदेशात पोचून काळा निघाला की फोन मात्र मला येतो.

म्हणून डिसेंबरात जळगावला झालेल्या एका कार्यशाळेला गेले. अधिकार नसताना लोकांकडून काम कसं करून घ्यायचं, असा विषय. शनिवार-रविवार, फी साडेतीन हजार, चहा-जेवण धरून. पैसे पदरचे भरले, मालकांकडे फक्त शनिवारची सुट्टी मागितली. तीन महिने होऊन गेलेत, आता मार्च उजाडलाय. ओळखीतले चार-पाच जण विचारत होते, 'जावं का?' त्यांच्यासाठी हे लिहितेय. तिथून आल्या आल्या लिहिलं असतं तर पाच तारे दिले असते आणि पंधरा दिवसांनी लिहिलं असतं तर दोन.

हॉल आकाशवाणी चौकाच्या अलीकडे, एका हॉटेलात पहिल्या मजल्यावर. सावद्याहून पहाटेची एसटी धरून भुसावळमार्गे साडेनऊला पोचले. वेळ साडेनऊचीच होती, पण सुरू झालं सव्वादहाला, कारण प्रोजेक्टर. एसी इतका वाढवून ठेवला होता की बायकांनी स्कार्फ डोक्याला गुंडाळले. आम्ही सव्वीस जण होतो: डाळ मिलचा एक अकाउंटंट, पाइप कारखान्यात प्लॅनिंग बघणारे दोघे, धुळ्याच्या एका दवाखान्यातल्या सिस्टर, नंदुरबारकडचे एक जिल्हा परिषदेचे गुरुजी आणि बँकेची तरुण पोरं, जी दोन्ही दिवस मोबाइलमध्येच होती.

शिकवणारे सर पुण्याचे. माणूस चांगला, आवाज चांगला, पण पहिला अख्खा दिवस इंग्रजीत गेला. मराठी यायचं ते 'ओके ना?' एवढ्यापुरतं. स्लाइडवर अमेरिकेतल्या मोबाइल कंपन्या, त्यांचे मालक, त्यांची भाषणं. सव्वीसातल्या वीस जणांना तरी यातलं काही आपलं वाटलं नसावं. जाहिरातीत 'मराठी-इंग्रजी' लिहिलं होतं, ही माझी पहिली तक्रार.

तरी त्या दिवशी एक गोष्ट हाती लागली. फ्रेंच आणि रेवन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९५९ साली मांडणी केली होती, की माणसाचा दुसऱ्यावर जोर चालतो तो पाच कारणांनी. शिक्षा करता येते म्हणून, बक्षीस देता येतं म्हणून, पद आहे म्हणून, त्या कामातलं ज्ञान आहे म्हणून, आणि लोकांना तो माणूस आपला वाटतो म्हणून. सर इंग्रजी शब्द फेकत होते आणि शेजारचे गुरुजी माझ्या वहीत मराठी लिहून देत होते. मग सरांनी प्रत्येकाला आपापल्याकडे काय आहे तिथे खूण करायला लावली. पहिल्या तीन ठिकाणी मी 'नाही' म्हणून फुल्या मारल्या. चौथ्यापाशी अडले. बीएस्सी ॲग्री झालेय, पण केळी माझ्यापेक्षा मुकादम आप्पांना जास्त कळते. घडाला नुसता हात लावून ते सांगतात किती दिवसांचा आहे. पाचव्यात खूण करायला हात धजेना. ही पाटी कोरी बघून घाबरायला झालं, पण निदान कुठे उभे आहोत ते कळलं.

दुपारनंतर मन वळवायच्या युक्त्या सुरू झाल्या. इथे मी जरा कडक बोलणार आहे. सरांनी झेरॉक्स मशीनच्या रांगेचा १९७८ चा प्रयोग सांगितला. 'मला मध्ये घुसू द्या' म्हटलं तर साठ टक्के लोकांनी दिलं, 'कारण मला झेरॉक्स काढायच्यात' असं निरर्थक कारण जोडलं तर त्र्याण्णव टक्क्यांनी. म्हणून कारण कसलंही द्या, 'कारण' हा शब्द महत्त्वाचा, असं सर म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला ते पचेना. आमच्या टोळीला मी कसलंही कारण सांगून बघितलंय की! रात्री मामांकडे मुक्काम होता, तिथे बसून शोधलं. प्रयोग खरा आहे, पण सरांनी अर्धाच सांगितला. ते आकडे पाचच पानांचे आहेत. वीस पानांसाठी घुसू द्या म्हटलं तर निरर्थक कारणाने काहीच फरक पडला नाही, विनाकारण विचारलं तेव्हाही चोवीस टक्के आणि पोकळ कारणालाही चोवीसच. घाईत आहे असं खरं कारण दिलं तेव्हा बेचाळीस. म्हणजे मागणं लहान असेल तर माणूस ऐकून न ऐकल्यासारखं हो म्हणतो, आणि मागणं जड झालं की कारण तपासायला लागतो. माझ्या कामाला नेमका हा दुसरा अर्धा भाग हवा होता. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सरांना सांगितलं. त्यांनी वहीत टिपून घेतलं आणि दुपारी सगळ्यांसमोर दुरुस्ती केली. हा त्यांचा मोठेपणा, त्याचे गुण मी देते.

जेवण उत्तम. भरीत, कळण्याची भाकरी, ठेचा, वर पातीचा कांदा. वांगी गॅसवर भाजलेली होती, कपाशीच्या काड्यांवरच्या धुराचा वास काही आला नाही, पण हॉटेलात एवढं पुष्कळ झालं. जेवताना नंदुरबारचे गुरुजी म्हणाले, एवढ्या लांबची उदाहरणं कशाला? आपल्या अमळनेरला शिकवणारे साने गुरुजी कुठल्या पदावर होते? पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून महिनोन् महिने महाराष्ट्रभर गावोगाव बोलत फिरले, मग मे १९४७ मध्ये उपोषणाला बसले. त्यावर धुळ्याच्या सिस्टर म्हणाल्या, उपोषण म्हणजे मन वळवणं की दबाव? ताटं उचलेपर्यंत वाद चालला. निकाल लागला नाही, पण दोन दिवसांतला सगळ्यात जिवंत अर्धा तास तोच, आणि तो फीमध्ये धरलेला नव्हता.

साडेतीन हजार वसूल झाले ते रविवारी दुपारच्या दीड तासात.

सरांनी प्रत्येकाला एक कोरा कागद दिला. जो माणूस ऐकत नाही त्याचं नाव वर लिहा म्हणाले. खाली आपली मागणी लिहायची नाही, त्याचा हिशेब लिहायचा. तो पैसे कशावर कमावतो, तुमचं ऐकलं तर त्याचं काय जातं, त्याचा दिवस कधी संपतो, त्याला कोण बोलतं. माहीत नसेल तिथे प्रश्नचिन्ह. आणि कागदाच्या मागच्या बाजूला, त्याला हवं असलेलं तुमच्याकडे काय आहे. पैसा आणि पद सोडून.

मी वर 'आप्पा' लिहिलं. माझं दुखणं फोम शीटचं. घड कापून ट्रॉलीत रचताना मध्ये फोम घालायचा असतो. घड आपटला की सालीखालच्या पेशी दबून फुटतात. हिरव्या सालीवर तेव्हा काहीच दिसत नाही. माल धुतला, चीक काढला, तेरा किलोच्या पेटीत भरला, साडेतेरा अंशावर कंटेनर समुद्रापार गेला, तिकडे पिकायला लावला की डाग वर येतो, काळा. मी आप्पांना तिकडून आलेले फोटो दाखवले होते. दोनदा. तिसऱ्यांदा त्यांच्याच ट्रॉलीतल्या दोन फण्या शेडमध्ये आठवडाभर पिकवून दाखवल्या. आप्पांनी बघितल्या आणि म्हणाले, "मले माहीत हाये वं ताई." आणि दुसऱ्या दिवशी फोम तसाच गठ्ठ्यात.

त्या कागदासमोर बसल्यावर पहिल्यांदा डोक्यात उजेड पडला, की त्यांना माहीत नाही म्हणून अडलेलं नाहीच. मी तीन महिने माहितीच देत बसले होते! टोळीला क्विंटलवर पैसे मिळतात. फोम घालत भरलं तर एका ट्रॉलीला पंचवीस मिनिटं जास्त लागतात. म्हणजे मी चौदा माणसांची पंचवीस मिनिटं फुकट मागत होते आणि वर त्यांना निष्काळजी म्हणत होते. 'दिवस कधी संपतो' इथे मी प्रश्नचिन्ह टाकलं. मागची बाजू कोरीच राहिली. सर आले, त्यांनी बघितलं आणि पहिल्यांदा धड मराठीत विचारलं, "तुमच्या गेटवर आल्यावर हा माणूस किती वेळ थांबतो?" तासभर, कधी दीड तास. "कोणासाठी?" माझ्यासाठी. मी नमुने तपासल्याशिवाय ट्रॉली खाली होत नाही, आणि अकरापर्यंत मी ऑफिसात आदल्या दिवशीचे फॉर्म भरत बसलेली असते.

सर काही न बोलता पुढच्या टेबलाकडे गेले.

हे सगळं लगेच जमलं असं नाही. उलट परत आल्यावर आधी दुसरीच युक्ती लावून बघितली, कारण ती सोपी होती. आधी आपण काही द्यावं, मग समोरच्याला परतफेड करावीशी वाटते, असं शनिवारी शिकवलेलं. मी सावद्याहून टोळीसाठी गरम कचोऱ्या घेऊन गेले. आप्पांनी एक उचलली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आज काय जास्तीची ट्राली भराची हाये का?" सगळी टोळी हसली. मीही हसले, करते काय? जो माणूस कधी चहा विचारत नाही त्याने अचानक कचोरी आणली की तिला लाच म्हणतात. लहान मागणीपासून सुरुवात करायचीही शिकवण होती. त्यासाठी सरांनी १९६६ चा कॅलिफोर्नियातला प्रयोग सांगितला होता, ज्यात आधी घरावर सुरक्षित गाडी चालवण्याची छोटी पाटी लावलेल्यांपैकी शहात्तर टक्के लोक पुढे अंगणात भलीमोठी बेढब पाटी लावायलाही तयार झाले आणि आधी काहीच न विचारलेल्यांपैकी सतराच्या आतच टक्के. मी आप्पांना म्हटलं, फक्त पहिल्या थराला फोम घाला. महिनाभर पहिल्याच थराला घातला. आम्ही तिथेच थांबलो.

मग जानेवारीत एका सकाळी फॉर्म बाजूला ठेवले आणि बांधावर गेले. आप्पांना विचारलं, तुमची पोरं घरी कधी पोचतात? हा प्रश्न मी त्यांना वर्षभरात कधी विचारला नव्हता. ते म्हणाले, "तुमच्या गेटवर सुटका व्हईन तवा." बारा-साडेबारा. दुपारी दुसऱ्या बागेत कटाई मिळते, पण तिथवर पोचेपर्यंत दुसरी टोळी घुसलेली असते. म्हणजे माझ्या टेबलावरचे कागद त्यांची दुपारची मजुरी खात होते. मी म्हटलं, फॉर्म मी दुपारी भरीन. फोम घातलेली ट्रॉली आली की रांग कितीही असो, दहा मिनिटांत बघून खाली. आप्पा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, सगळीकडे फोम कशाला, खाली वाळलेली पानं अंथरू, फोम फक्त घडाघडाच्या मध्ये; पंचवीसची बारा मिनिटं होतील. मी हो म्हटलं. माझ्या मॅन्युअलमध्ये हे नाही, पण पानं खरंच चालतात.

आता आप्पांच्या ट्रॉलीत पाच-सहाऐवजी एखाद-दुसराच घड बाजूला पडतो. दुसऱ्या दोन टोळ्यांनी रांग तोडल्याबद्दल भांडण काढलं, ते आप्पांनीच मिटवलं. काय बोलले मला माहीत नाही, पण त्यातली एक टोळी आता फोम घालते. दुसरी नाही. तिचा कागद अजून भरायचाय.

आणि जे जमलं नाही तेही सांगते. फोमचे गठ्ठे स्टोअरमधून वेळेवर सुटत नाहीत, कारण त्यावर सही लागणारे साहेब आठवड्यातून दोनदाच येतात. त्यांच्यासाठीही मी तसाच कागद भरला. मागची बाजू कोरी ती कोरीच. आपल्याकडे समोरच्याला हवं असं खरोखरच काही नसेल तर काय करायचं, यावर कार्यशाळेत एक शब्द नव्हता. रविवारी शेवटी हे विचारायला मी हात वर केला होता, पण तोवर ग्रुप फोटो सुरू झाला.

तर, जावं का? नुसतं सर्टिफिकेट हवं असेल तर जाऊ नका, माझं अजून आलेलं नाही. ज्याच्यापुढे हात टेकलेत असं एक माणूस डोक्यात घेऊन जाणार असाल तर जा. फी भरण्याआधी मराठी किती असेल ते फोनवर स्पष्ट विचारून घ्या. शनिवारी उशिरा गेलात तरी फार काही बुडणार नाही, पण रविवारी दुपारी सुस्ती आली तरी उठून जाऊ नका. तारे विचाराल तर साडेतीन, त्यातला अर्धा भरताचा.

परवा धुळ्याच्या सिस्टरांचा फोन आला होता. त्यांनी कागदावर वॉर्डातल्या मोठ्या डॉक्टरांचं नाव लिहिलं होतं, राउंडला येताना हात धुवत नाहीत म्हणून. अजून धुवत नाहीत. पण ते राउंडला नेमके कुठल्या दाराने येतात हे आता सिस्टरांना कळलंय, आणि बेसिन दुसऱ्या दाराशी आहे.