बाळंतपणाची बॅग: दुकानातलं किट, घरचा बाळंतविडा की आपली आपण भरलेली?

सातवा महिना सरला की घरात दोन पक्ष पडतात. आई सांगते, बाळंतविडा, म्हणजे बाळाची झबली-दुपटी-टोपडी, मी शिवायला घेतलाय, तुम्ही काही आणू नका. तोवर जावईबापूंनी मोबाईलवरून भलंमोठं तयार किट मागवलेलंही असतं. दवाखान्यात विचारून आपली बॅग आपण भरायची, हा तिसरा मार्ग सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही. तिन्हींतलं काय निवडावं असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे: बाळाचे कपडे घरचे, बाळंतिणीचं सामान स्वतः दुकानात जाऊन घेतलेलं, आणि तयार किट कुणी भेट दिलं तरच. किट असो की बाळंतविडा, दोन्ही गाठोडी बाळाच्या कौतुकाने फुगलेली असतात. बाळंतिणीला पहिल्या दोन दिवसांत जे लागतं, त्यातलं जवळपास काहीच त्यांत नसतं.

आधी दवाखाना, मग बॅग

खासगी प्रसूतिगृहात नाव घातलं असेल तर चादर, उशी, गाऊन तिथलेच असतात. ती सोय बघून माणूस निर्धास्त होतो. पण पॅड, डायपर, बाळाचं किरकोळ सामान हे आरोग्य विम्याच्या 'न मिळणाऱ्या' यादीत येतं. कॅशलेस असलं तरी डिस्चार्जच्या दिवशी तेवढे पैसे खिशातून द्यावे लागतात. म्हणून आठव्या महिन्याच्या तपासणीलाच काउंटरवर विचारून ठेवा की काय तुमच्याकडून मिळतं, काय आम्ही आणायचं आणि बाहेरून आणलेलं चालतं का.

आमच्या नाशिकमध्ये त्र्यंबक रोडचं सिव्हिल, कथड्याचं डॉ. झाकीर हुसेन किंवा नाशिकरोडचं बिटको असेल तर हिशेब उलटा. सरकारी दवाखान्यांत २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम लागू आहे. त्यात नॉर्मल असो वा सिझर, प्रसूती, औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त, सगळं मोफत. जेवण नॉर्मलला ३ दिवस आणि सिझरला ७ दिवसांपर्यंत. न्यायला-आणायला १०२ ची गाडी. तेव्हा इथे पैशाची सोय कमी लागते, पण सामान जास्त लागतं: जादा चादर, उशी, मग, ताट-वाटी-पेला, सोबतीणीसाठी चटई आणि बॅगेला एक छोटं कुलूप. पहिलटकरणीसाठी राज्य सरकारची बेबी केअर किट योजनाही आहे, अंगणवाडी ताईंकडे नाव दिलंय ना ते बघून घ्या. मात्र ते किट प्रसूतीच्या दिवशीच हातात पडेल असं धरून बाळाचे कपडे घरी ठेवून जाऊ नका.

आणि अंतर. पेठ, सुरगाणा, हरसूलकडून येणाऱ्यांना अडचण वाटली तर ग्रामीण रुग्णालयातून थेट नाशिकला पाठवतात. त्यांच्या बॅगेत सगळंच हवं, कारण विसरलेल्या वस्तूसाठी कुणी घाट उतरून परत जाणार नाही. सिडको, सातपूर, पंचवटीत राहणाऱ्यांनी मात्र घर हलवल्यासारखं निघू नये. त्यांनी दोन बॅगा भराव्यात. एक छोटी, बरोबर न्यायची. दुसरी भरून दाराशी ठेवायची, सिझर झालं आणि मुक्काम लांबला तर दीर किंवा भाऊ गाडीवर घेऊन येईल. नॉर्मलला एक-दोन दिवसांत सोडतात, सिझरला साधारण तीन ते पाच दिवस. फरक एवढाच, आणि तो दुसऱ्या बॅगेत मावतो. २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या आगेमागे तारीख येत असेल तर पंचवटी-रामकुंड भागातल्यांनी हा दोन बॅगांचा बेत सोडावा. रस्ते बंद असताना दुसरी बॅग पोचायची नाही.

बाळाचे कपडे: इथे बाळंतविडा जिंकतो

बाळंतविड्यातलं झबलं बंदाचं असतं. पुढून उघडायचं, हात घालायचे, दोन बंद बांधायचे. मान न धरणाऱ्या बाळाला याहून सोयीचा कपडा नाही. किटमधल्या सेटमध्ये निम्मे कपडे डोक्यातून घालायचे असतात. ते पहिल्यांदाच आई झालेलीला तर सोडाच, आजीलाही भीतभीत घालावे लागतात. शिवाय जुन्या धोतराचं, जुन्या सुती साडीचं कापड धुऊन धुऊन मऊ झालेलं असतं. नव्याला खळ असते. नवं काहीही असो, एकदा साध्या पाण्यात धुऊन उन्हात वाळवल्याशिवाय बाळाला लावू नये.

पण बाळंतविड्यालाही एक गंभीर अट आहे. मोठ्या मुलाची जपलेली दुपटी, आजीच्या पेटीतली कुंची हे सगळं बहुतेक घरांत डांबरगोळ्यांत ठेवलेलं असतं. काही बाळांत जन्मतः जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, आणि ते कमी आहे हे त्या वेळी कुणालाच माहीत नसतं. अशा बाळाच्या तांबड्या पेशी डांबरगोळीच्या वासाने फुटू शकतात आणि कावीळ वाढते. म्हणून पेटीतला कपडा सरळ बॅगेत टाकू नका. आधी धुवा, दोन-तीन दिवस कडक उन्हात टाका आणि वास पूर्ण गेला की मगच घ्या. कुंचीला जर किंवा टिकल्या असतील तर ती बारशाला. दवाखान्यात साधं टोपडं.

किटमधलं बाकीचं काय? बाटली, निपल, पावडर, कानातल्या काड्या, कधी काजळाची डबी. बाळाला पहिल्या तासात अंगावर पाजायला घेतात. पहिला पिवळसर चीक हेच त्याचं अन्न, बाटलीची गरज डॉक्टर सांगतील तेव्हाच. पावडर श्वासात जाते, ती नको. नाळेला काहीच लावायचं नाही, हळद नाही, तेलही नाही. आणि घरच्यांच्या पिशवीतून हळूच निघणारी मधाची बाटली वर्षाच्या आतल्या बाळाला धोक्याची, ती घरीच राहू द्या. किटमधलं कामाचं ते एवढंच: मऊ टॉवेल, हातमोजे-पायमोजे आणि बहुधा नखं कापायचं छोटं यंत्र. तेही पहिल्या आठवड्यात लागत नाही.

ऋतू मात्र बघावा लागतो. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली जातो. तेव्हा एका जाड लोकरी स्वेटरपेक्षा दोन सुती झबली, टोपडं, पायमोजे आणि वरून दुपटं असं थरांवर थर घालणं बरं, एकेक कमी-जास्त करता येतं. आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरणं ही सगळ्यांत चांगली ऊब, त्याला बॅगेत जागा लागत नाही. एप्रिल-मेमध्ये लोकरीचं काहीही नको, फक्त मलमल. कपडे किती, तर शहरातल्यांना पाच-सहा झबली पुरेत. पावसाळ्यात त्याच्या दुप्पट घ्या, कारण वॉर्डात दोरी बांधू देत नाहीत आणि घरीही वाळत नाहीत.

लंगोट की डायपर

ही भांडणं मी पुष्कळ ऐकली. माझं मत: दवाखान्यात दोन्ही न्या, पण डायपरचं पाकीट छोटं, नवजात मापाचं.

पहिल्या दोन दिवसांची शी काळी, डांबरासारखी चिकट असते. ती लंगोटाला लागली की डाग जन्माचा. तेव्हा डायपर बरा. बाळाच्या ढुंगणाला आधी खोबरेल तेलाचं बोट फिरवलं तर ती पुसून चटकन निघते, ओल्या वाइप्सने घासत बसावं लागत नाही. एक मूठभर कापूस आणि कोमट पाणी पुरतं.

लंगोट दिवसा वापरावा, कारण ओलं झालेलं कळतं. डॉक्टर राउंडला आल्यावर पहिला प्रश्न असतो, शू केली का, किती वेळा? दूध पुरतंय की नाही याचा घरगुती अंदाज यावरूनच येतो. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा जास्त वेळा शू व्हायला हवी. आजकालचे डायपर इतकं शोषून घेतात की नव्या आईला बाळ ओलं आहे की कोरडं ते समजत नाही. कोणताही घाला, वरची कड नाळेच्या खाली दुमडा. पावसाळ्यात मात्र तत्त्वाला मुरड घालून रात्री डायपरच.

बाळंतिणीचं: जे सगळे विसरतात

बाळंतपणानंतर अंगावरून जाणं चार ते सहा आठवडे चालतं, पहिले तीन-चार दिवस भरपूर. पाळीचे रोजचे पातळ पॅड इथे पुरे पडत नाहीत. मॅटर्निटी पॅड लांब आणि जाड असतात, औषधाच्या दुकानात मिळतात. डिस्पोजेबल पँटी आणखी सोयीच्या, विशेषतः सिझरनंतर, कारण पॅड सरकत नाही आणि कमरेची कड टाक्यांवर न बसता त्यांच्या वरच्या बाजूला येते. महाग पडतात, म्हणून पहिल्या दोन दिवसांपुरत्या त्या आणि नंतर साधे मोठे पॅड, हा मध्यममार्ग. घरच्या जुन्या कापडाच्या घड्या दवाखान्यात नकोत. त्या धुवायला, उन्हात वाळवायला तिथे जागा नसते आणि टाके ओले असतात. तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल तर दुसरा बदलून गप्प बसू नका, सिस्टरना लगेच सांगा.

कपड्यांत फीडिंग गाऊन विरुद्ध साडी असा सामना आहे. दूध पाजायला साधं, पुढे हुक असलेलं ब्लाउज काही कमी नाही, आपल्या आज्यांना चेनचे गाऊन कुठे होते? पण सिझर झालं की साडी हरते. परकराची नाडी नेमकी टाक्यांच्या आसपास बसते आणि उठता-बसता काचते. म्हणून पुढून बटणं असलेले दोन-तीन सुती गाऊन घ्याच, मेनरोडला किंवा शालिमारला साधे मिळतात. चेनवाल्या महागड्या फीडिंग गाऊनची गरज नाही. गडद रंग घ्या.

पोटाचा पट्टा घ्यायचा का? सिझरनंतर उठून चालताना आधार वाटतो, पण कधी आणि किती वेळ बांधायचा ते डॉक्टरांना विचारून. पोट आत जाईल म्हणून घ्यायची वस्तू नव्हे. आधीच विकत आणू नका, लागला तर दवाखान्याशेजारच्या मेडिकलमध्ये मापाने मिळतो.

आणि दोन स्वस्त वस्तू, ज्या कुठल्याच किटमध्ये मी पाहिल्या नाहीत. एक वाकणारी स्ट्रॉ: पाठीतलं इंजेक्शन घेऊन सपाट पडलेल्या बाईला पेल्याने पाणी पाजायला गेलं की निम्मं मानेवर सांडतं. दुसरी, न घसरणाऱ्या तळाच्या रबरी चपला. पहिल्यांदा बाथरूमला जाताना चक्कर येते, तेव्हा घरातल्या गुळगुळीत सपाता कामाच्या नाहीत.

निघण्याआधी नेलपॉलिश काढा, बोटाला लावायच्या ऑक्सिजनच्या चिमट्याला तिचा अडथळा होऊ शकतो. बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र घरीच ठेवा. मंगळसूत्रावरून सासूबाई हळव्या होतील हे खरं, पण ऑपरेशनच्या दारात ते काढून कुणाच्या तरी रुमालात बांधून देण्यापेक्षा देव्हाऱ्यात ठेवलेलं बरं.

एक वेगळी पिशवी

लेबर रूमचं दार अर्धवट उघडतं, सिस्टर हात पुढे करते, "बाळाचा कपडा द्या." बाहेर चार माणसं एका बॅगेवर पडतात. वर लाडवांचा डबा, खाली टॉवेल, त्याखाली फाइल, आणि झबलं तळाशी. हे टाळायला सोपा उपाय: एका साध्या कापडी पिशवीत दोन दुपटी, एक झबलं, एक टोपडं, एक लंगोट, दोन पॅड आणि आईचा एक गाऊन. पिशवीवर बाळंतिणीचं नाव. ही पिशवी बॅगेत नाही, सोबतीणीच्या हातात.

खाणं आणि कागद

डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा हे सगळं घरी गेल्यावर. सिझरनंतर आधी पाणी, मग पातळ, असं डॉक्टरांच्या सांगण्यावरून चढत जातं. तिथे नेलेले लाडू भेटायला आलेलेच संपवतात. गरम पाण्याचा थर्मास आणि सोबतीणीसाठी दोन वेळचं कोरडं खाणं पुरे.

फाइलमध्ये सगळ्यांत वर रक्तगटाचा रिपोर्ट. आईचा निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह निघाला तर अँटी-डी इंजेक्शन ७२ तासांच्या आत द्यावं लागतं, आणि रात्री दोनला रिपोर्ट शोधत बसायला नको. त्याखाली माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफी, दोघांचं आधार, विम्याचं कार्ड. सरकारी योजनांचे पैसे खात्यात येतात, म्हणून आईच्या नावाच्या पासबुकाची झेरॉक्सही ठेवा. ही बॅग ३६ व्या आठवड्यापर्यंत भरून झाली पाहिजे.

फाइलमध्ये एक कोरा कागद टाका आणि त्यावर आई-बाबांची नावं आधारवर आहेत तशीच, मराठीत आणि इंग्रजीत, स्वच्छ अक्षरात लिहून ठेवा. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत विनामूल्य होते आणि त्याची माहिती दवाखाना पाठवतो. फॉर्म भरताना धावपळीत 'ज्ञानेश्वर'चं स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं पडतं आणि दुरुस्तीला महापालिकेच्या फेऱ्या लागतात. बाळाचं नाव ठरलं नसेल तर रकाना रिकामा ठेवला तरी चालतं. ते वर्षभरात विनाशुल्क घालता येतं.