सोसायटीतील पाण्याचा खर्च: समान वाटणी की घरटी मीटर?

बेळगावात टिळकवाडी, हिंदवाडी किंवा शहापूरसारख्या भागांतील लहान अपार्टमेंटमध्ये पाण्याचा खर्च अनेकदा मासिक मेंटेनन्समध्येच धरलेला असतो. नळाचे पाणी, आवारातील बोअरवेल किंवा जुन्या घराची राखून ठेवलेली विहीर आणि उन्हाळ्यात मागवावा लागणारा टँकर, हे सारे एकाच संपमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत, येते व पंपाने गच्चीवरील टाकीत चढते. त्यामुळे कोणत्या फ्लॅटने किती पाणी वापरले हे सांगण्याचा मार्गच उरत नाही. प्रत्येक फ्लॅटला मीटर बसवण्याचा ठराव सभेपुढे येतो तो या पार्श्वभूमीवर.

कायद्याची बाजू आधी पाहावी, कारण सीमाभागात तिच्याविषयी गल्लत होते. फ्लॅटमधील नळजोडण्यांची संख्या व आकार पाहून पाण्याची आकारणी ठरवण्याचा नियम महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत आहे. कोल्हापूर-पुण्याचे नातेवाईक तो कितीही खात्रीने सांगोत, येथे तो चालत नाही. कर्नाटक अपार्टमेंट मालकी कायदा, १९७२ यानुसार सामाईक खर्च प्रत्येक मालकाच्या अविभक्त हिश्श्याच्या, म्हणजे सामाईक जागा व सोयींतील त्याच्या न विभागलेल्या वाट्याच्या, टक्केवारीने वाटायचा असतो. म्हणजे ‘सगळ्यांना सारखे’ ही पद्धत सोयीची असली, तरी फ्लॅट लहान-मोठे असतील तर तिला या कायद्याचा आधार मिळत नाही. कोणताही बदल करण्यापूर्वी नोंदणीकृत घोषणापत्र व उपविधी वाचून घ्यावेत.

समान वाटणीला यंत्र लागत नाही, वाचन लागत नाही आणि चिटणिसाचा वेळही जात नाही. तिचा दोष न्यायाचा आहे. दरडोई दररोज १३५ लिटर हे देशात नियोजनासाठी वापरले जाणारे प्रमाण धरले, तर चार माणसांच्या घराला तीस दिवसांत १६,२०० लिटर पाणी लागते आणि वृद्ध दांपत्याला ८,१००. पैसे मात्र दोघेही सारखेच भरतात. मुले बेंगळुरूला आणि फ्लॅट कुलूपबंद, असे असेल तर तक्रार अधिकच रास्त ठरते. माणशी आकारणीने हा दोष बराच कमी होतो, पण पाहुणे किती दिवस राहिले हे विचारत बसण्याची वेळ येते.

मीटरच्या बाजूने न्याय आहे, पण तो इमारतीतील पाइपांवर अवलंबून आहे. सभेत दराची चर्चा रंगते. खरा निर्णय मात्र प्लंबरने गच्चीवर जाऊन उभ्या वाहिन्या मोजल्यावरच होतो. पुष्कळ इमारतींत प्रत्येक स्नानगृहाला आणि स्वयंपाकघराला टाकीतून वेगळी वाहिनी उतरते, म्हणून एका फ्लॅटला तीन-चार मीटर लागतात. सोळा फ्लॅटना तीनप्रमाणे अठ्ठेचाळीस मीटर झाले, की खर्च, वाचन आणि दुरुस्ती तिपटीने वाढते.

दुसरी अडचण दाबाची. टाकी वरच्या मजल्याच्या नळांपेक्षा तीनच मीटर उंच असेल, तर तेथे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.३ किलो एवढाच दाब मिळतो. चक्रीच्या मीटरमधून जाताना त्यातला काही भाग खर्च होतो आणि शॉवर मंदावतो. शिवाय अशा मीटरची चक्री अगदी बारीक धारेने फिरत नाही, म्हणून गळका फ्लश दिवसरात्र वाहत राहूनही बिलात पुरता दिसत नाही. टाकी रिकामी होऊन पुन्हा भरताना मात्र वाहिनीतील हवा मीटर फिरवते आणि न वापरलेल्या पाण्याचा आकडा चढतो. बोअरवेलच्या जड पाण्यातील क्षारांचा थर साचला की अचूकता आणखी घसरते. ध्वनिलहरींनी प्रवाह मोजणाऱ्या अल्ट्रासोनिक मीटरमध्ये फिरणारा भाग नसल्याने यांपैकी काही त्रास टळतात. किंमत अधिक असते आणि बॅटरी संपल्यावर ती किंवा सबंध मीटर बदलावा लागतो.

माझे मत असे की फ्लॅटला एकच वाहिनी असेल किंवा इमारत अजून बांधली जात असेल, तर मीटर अवश्य बसवावेत. वाहिन्या अनेक असतील तर तूर्त संपच्या तोंडाशी व टाकीच्या वाहिनीवर मोठे मीटर बसवून गळती शोधावी आणि वाटणी अविभक्त हिश्श्यानेच ठेवावी.

मीटर बसवलेच तर बिलाचे दोन भाग करावेत. पंपाची देखभाल, टाकीची सफाई, जिना धुण्याचे व बागेचे पाणी हा स्थिर भाग बंद फ्लॅटलाही लागू राहील. नळाचे बिल, टँकर आणि पंपाची वीज यांची बेरीज एकूण किलोलिटरांनी भागून जो दर येईल, त्याने वापराचा भाग आकारावा. सर्व फ्लॅटच्या मीटरची बेरीज मुख्य मीटरपेक्षा कमीच भरणार. हा फरक कोणत्या भागात धरायचा, हे पहिले बिल निघण्यापूर्वी ठरावात लिहावे, आणि ठराव व बिलाचा नमुना मराठी व कन्नड दोन्हींत सूचनाफलकावर लावावा.